खालचा कप्पा

मी चपलांचा एक जुना स्टँड आहे. जुना म्हणजे किती, ते विचारू नका. माझ्या अंगावरचं पॉलिश कधी उडालं हेही आता कुणाला आठवत नाही. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलच्या वेशीबाहेरच्या एका लहानशा गावात, लाल विटांच्या घरात, पुढच्या दाराच्या आत डाव्या हाताला मी उभा असतो. मला तीन कप्पे आहेत. आणि मित्रांनो, उगाच मोठेपणा सांगत नाही, पण घरात कोण आहे, कोण नाही, कोण खूश आहे आणि कोण भांडून आलं आहे, हे माझ्याइतकं कुणालाच कळत नाही. माणसं चेहऱ्यावर काहीही आणू शकतात, बूट काढताना मात्र सोंग टिकत नाही.

मला भीमरावांनी बनवलं. ते मूळचे नागपूरचे, इथे विमानाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला होते. ते भाग मोठमोठ्या लाकडी खोक्यांतून ये-जा करत. त्यांतलं एक मोडकं खोकं भीमरावांनी साहेबांना विचारून घरी आणलं आणि मागच्या अंगणात बसून, बोटं ठेचून घेत, माझी जुळवाजुळव केली. खोक्यावर एक मोठा काळा बाण छापलेला होता, ही बाजू वर ठेवा असं सांगणारा. भीमरावांनी नेमकी तीच फळी उलटी ठोकली. तेव्हापासून माझ्या कुशीवरचा बाण जमिनीकडे बोट दाखवत असतो.

"अहो, विमानांचे भाग तरी सरळ लावता ना?" त्यांच्या पत्नी लताताईंनी विचारलं. भीमराव पोट धरून हसले, पण फळी काही बदलली नाही. लताताईंनी लग्नाचा फोटो दाखवावा तसा तो बाण येणाऱ्या प्रत्येकाला दाखवला. मला त्याची कधी लाज वाटली नाही. तो माझ्या खालच्या कप्प्याकडे बघतो, आणि माझ्या आयुष्यातल्या मोठ्या गोष्टी त्या कप्प्यातच घडल्या.

वरचा कप्पा लताताईंचा. त्या हॉस्पिटलात लहान मुलांच्या वॉर्डवर नर्स. मधला भीमरावांचा. खालचा आल्यागेल्याचा. एप्रिलमध्ये जयंतीला घरात माणसं जमली की माझ्यावरून चपला ओसंडून पार जिन्यापर्यंत जात. लताताईंचा नियम एकच होता, बूट घालून कुणीही आत यायचं नाही. पुढच्या खोलीत बुद्धाची लहान मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता, आणि गालिचा फिक्या रंगाचा होता. बॉयलर तपासायला आलेल्या माणसापासून भीमरावांच्या गोऱ्या साहेबांपर्यंत त्यांनी सगळ्यांना मोज्यांवर आणलं. साहेबांच्या एका मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं, हे गुपित मी आजवर सांभाळलं आहे.

मग एका हिवाळ्यात भीमराव गेले. त्यांचे बूट लताताईंनी पुसून, नाड्या बांधून चॅरिटी शॉपला दिले. मधला कप्पा रिकामा झाला. पाहुण्याने चुकून तिथे काही ठेवलं तर लताताई न बोलता ते खाली सरकवायच्या. घरात आता एकच मोठं माणूस राहिलं, म्हणून कौन्सिल टॅक्समधून, म्हणजे तुमच्याकडे जिला घरपट्टी म्हणतात तिच्यातून, चौथा हिस्सा कमी झाला. "एकटं पडल्याची ही सूट," लताताई त्यांच्या मैत्रिणीला, रचनाला, म्हणाल्या. मला ते फार लागलं.

पण त्या कुढत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. वॉर्डवर एक मूल पूर्ण बरं झालं तरी त्याला घरी न्यायला कुणीच आलं नाही. त्या दिवशी लताताई घरी आल्या आणि कोट न काढताच जिन्याच्या पायरीवर बसून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांनी ठरवलं होतं. काही कारणाने आईवडिलांपाशी राहू न शकणाऱ्या मुलांना आपल्या घरी सांभाळायचं, म्हणजे इथल्या भाषेत फॉस्टर केअरर व्हायचं. ओळखीपाळखीत कुजबुज झाली. परक्याचं पोर, परक्या वळणाचं, कशाला हा उद्योग? लताताईंनी सगळं ऐकून घेतलं आणि आपलं काम चालू ठेवलं. अशा माणसाच्या दारात उभं राहायला मिळालं, याचा मला आजही अभिमान वाटतो.

माझं दुर्दैव मात्र तेव्हाच सुरू झालं. घराची तपासणी व्हायची होती. रचना मदतीला आली आणि मला बघून म्हणाली, "लता, हे खोकं आधी बाहेर काढ. सोशल वर्करवर काय इम्प्रेशन पडेल?" माझ्या जागी दारं असलेलं एक पांढरंशुभ्र कपाट आलं आणि माझी रवानगी मागच्या शेडमध्ये झाली. तिथे गवत कापायचं यंत्र माझं शेजारी होतं. त्याला पेट्रोलचा वास यायचा आणि त्याच्यापाशी बोलण्यासारखं काही नसायचं. माझ्या वरच्या कप्प्यात कोळ्याने संसार थाटला. आपलं काम संपलं अशी मी मनाची समजूत घालून घेतली होती.

आणि टेगन आली. नऊ वर्षांची, अंगाने काडी, पायांत जांभळे बूट. पुढची हकीकत मला नंतर दारातल्या पायपुसण्याने सांगितली. ते जरा तिखटमीठ लावतं, पण खोटं बोलत नाही. लताताईंनी आपल्या चपला काढून दाखवल्या, हसून कपाटाकडे बोट केलं. टेगनने मान हलवली. बूट काढायचे नाहीत. जेवताना नाहीत, टीव्ही बघताना नाहीत, झोपतानाही नाहीत. सोबत आलेल्या सोशल वर्करचा चेहरा उतरला. आता ओरडा बसणार, असं पायपुसण्यालाही वाटलं.

लताताईंनी काय करावं? त्यांनी कपाट उघडलं, आपल्या चपला परत बाहेर काढल्या आणि पायांत घातल्या. ज्या बाईने साहेबांना मोज्यांवर चालवलं, ती स्वतःच्या फिक्या गालिच्यावरून, बुद्धाच्या मूर्तीसमोरून चपला घालून चालत गेली आणि म्हणाली, "चल, भात खाऊ." कितीतरी दिवस त्या घरात दोघी पादत्राणं घालून वावरल्या. गालिच्याची रया गेली. रचनाने विचारलं तेव्हा लताताई म्हणाल्या, "गालिचा धुता येतो गं."

एके दिवशी भांडी पुसता पुसता टेगनने आपणहून सांगितलं. आधीच्या एका घरी तिचे बूट असेच कपाटात ठेवले होते. अचानक तिथून निघावं लागलं, घाईत बूट कुणालाच सापडले नाहीत आणि गाडीत ती नुसत्या मोज्यांवर बसली. दार बंद झालं की आतलं आपलं राहत नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

लताताईंनी हात पुसले आणि तडक शेडकडे आल्या. मी तो क्षण कधी विसरणार नाही. कोळ्याला त्यांनी हळूच बाजूला ठेवलं, ओल्या फडक्याने माझं अंग पुसलं आणि मला उचलून घरात आणलं. कपाट गेलं शेडमध्ये. मला दारं नाहीत, हा माझा कमीपणा आहे असं मी समजत होतो. त्या दिवशी कळलं, तेच माझं मोल आहे. टेगन जिन्यावर चढली, वळून बघितलं, खाली आली, परत चढली. जिन्यावरून खालचा कप्पा स्वच्छ दिसत होता. मग तिने खाली बसून एकेक नाडी सोडली आणि ते जांभळे बूट माझ्या खालच्या कप्प्यात, टोकं दाराकडे करून ठेवले. लताताईंनी लगेच तिकडे पाहिलं नाही. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि नळ सोडून रडल्या.

वर्षं गेली. टोकं हळूहळू भिंतीकडे वळली. बूट मोठे होत गेले. शाळेचे, फुटबॉलचे, एकदा तर कुणाच्या तरी लग्नासाठी आणलेली कोल्हापुरी चप्पल, जी तिला चावली आणि जिच्यावर ती तरीही फिदा होती. बूट पुसायला ती माझ्यापाशी बसायची आणि हळू आवाजात माझ्याशी मराठी बोलायची. "तू चांगली दोस्त आहे," ती मला म्हणायची. मी दोस्त आहे, चांगला की चांगली, ते माझ्या दृष्टीने सारखंच. लताताई आणि रचना फोनवर बोलत तेव्हा ती कान देऊन ऐकायची आणि नंतर ते शब्द माझ्यावर घोटून बघायची. ती मावशी म्हणून लताताईंना हाक मारायची, पण तिला जेव, चल, झोप यापलीकडे मराठी कळतं, याचा त्या दोघींना पत्ताच नव्हता.

आणि मित्रांनो, इथेच घोळ झाला. आपल्या माणसांची ही जुनी सवय आहे. समोर परकं माणूस असलं आणि खासगी बोलायचं असलं की खुशाल मराठीत सुरू व्हायचं. जणू मराठी म्हणजे मध्ये ओढलेला पडदा.

टेगनने कॉलेज सोडून गावातल्या बेकरीत पूर्णवेळ नोकरी धरली होती. तिच्या बुटांना पिठाचा गोड वास यायचा आणि मी दिवसभर त्या वासात असायचो. तिला अठरावं पुरं व्हायला थोडेच दिवस उरले होते. त्या संध्याकाळी लताताई माझ्याशेजारी पायरीवर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. फोन स्पीकरवर होता. टेगन तिथेच, जमिनीवर बसून नाड्या बदलत होती.

"टेगन अठराची झाली की कौन्सिल घरात दोन मोठी माणसं धरणार," लताताई म्हणाल्या. "माझी सिंगल पर्सनची सूट गेली म्हणून समज. असू दे. शनिवारी एक जास्तीची शिफ्ट घेते."

"शिफ्ट? त्या गुडघ्यावर?" रचनाचा आवाज चढला. "अगं, तुमच्या कौन्सिलने फॉस्टर केअरर्सना कौन्सिल टॅक्स पूर्ण माफ केलाय ना? तू अप्लाय का करत नाहीस?"

"नको बाई. पोरीचं नाव पुढे करून सूट मागायची? लोक म्हणतील, टॅक्स वाचवायला पोर ठेवलीय. मी तिला अशी विकायला काढणार नाही."

"लता, तू कमाल करतेस."

"मी निभावते. तिला यातलं काही कळता कामा नये."

टेगनचे हात नाडीवरच थांबले. मला घाम फुटत नाही, नाहीतर तेव्हा फुटला असता. तिला सगळं कळलं होतं, शब्दन् शब्द. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण लाकडाने ओरडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी खालच्या कप्प्यातून फुटबॉलचे बूट गेले. मग कोल्हापुरी गेली. बेकरीतल्या एका मुलीच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी होती, ते टेगन कुणाला तरी फोनवर सांगत होती. ती रुसली नव्हती, रागावली नव्हती. लताताईंच्या पाठीत रोज एक लाडाचा गुद्दा घालत होती आणि एकेक जोड उचलून नेत होती. मावशीवर भार नको, एवढंच तिच्या मनात होतं. लताताईही तेवढ्याच प्रेमाने वॉर्डवर शनिवारच्या शिफ्टसाठी नाव देऊन आल्या होत्या. दोघी एकमेकींसाठी झिजायला निघाल्या होत्या, आणि दोघींच्या मध्ये मी रिकामा होत होतो.

शनिवारी दुपारी लताताई शिफ्टवरून लंगडत आल्या. चपला ठेवायला वाकल्या आणि तशाच थांबल्या. खालच्या कप्प्यात काहीच नव्हतं. टेगन जिन्यावरून पिशवी घेऊन उतरत होती. पायांत बेकरीचे बूट होते. घरात, गालिच्यावर, बूट घालून.

लताताईंनी इंग्रजीत विचारलं, कुठे चाललीस?

टेगनने मराठीत उत्तर दिलं. "मावशी, मला मराठी येतो. तू आणि रचनामावशी बोलली ते मी सगळी ऐकली."

लताताईंनी माझ्या कडेला हात टेकला. त्यांचा सगळा भार माझ्यावर आला. माझा एक पाय डुगडुगतो, पण त्या क्षणी मी हललो नाही.

"मी गेली तर तुझा डिस्काउंट राहील," टेगन म्हणाली. "तुझी गुडघा दुखतो. सॅटर्डेला वॉर्डवर जायचं नाही. मी संडेला येईन ना, जेवायला."

"वेडी आहेस का? तू कुठेही जायचं नाहीस. टॅक्सचं मी बघेन."

"मग अप्लाय कर."

"ते बरं दिसत नाही गं."

टेगनने पिशवी खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला होता. "स्कूलमध्ये अक्षर माझ्यासमोर नाचत होती. एक्झामला एक्स्ट्रा टाइम मागायला मला लाज वाटली. तेव्हा तू आली माझ्याबरोबर. तू टीचरला काय सांगितली? ही मेहेरबानी नाही, हिचा हक्क आहे. घरी येऊन त्या फोटोसमोर बसवून मला परत सांगितली." तिने पुढच्या खोलीकडे हात केला. "माझा हक्क तो हक्क. आणि तुझा काय, भीक?"

लताताई पायरीवर बसल्या. ज्या पायरीवर त्या कधीकाळी कोट घालून बसल्या होत्या, त्याच पायरीवर.

"लोक म्हणतील, पैशासाठी," त्या हळूच म्हणाल्या.

"लोकांना सांग, मी रोज किती पोळी खाते."

लताताई हसल्या, आणि हसता हसता त्यांना रडू आलं. टेगन शेजारी बसली. मग तिने फोन काढला आणि सांगितलं की तिने बेकरीच्या ब्रेकमध्ये सगळी चौकशी केली होती. घर उघडून मुलं सांभाळणाऱ्यांना हे परवडावं, मुलांना आपलं गाव, आपली शाळा सोडून लांब जावं लागू नये, म्हणून कौन्सिलने ही माफी ठेवली होती. मूल अठराचं होऊनही त्याच घरी राहिलं तरी ती चालू राहणार होती. "म्हणजे कौन्सिल थँक यू म्हणतो, मावशी. तू ऐकून तर घे," टेगन म्हणाली. कुणीतरी ऑफिसात बसून माझ्या लताताईंसारख्यांचा विचार केला, हे ऐकून मला फार बरं वाटलं. त्या माणसाचे बूट कधी माझ्याकडे आले तर त्यांना मी वरचा कप्पा देईन.

दोघींनी तिथेच, माझ्याशेजारी बसून, अर्ज केला. लताताई उत्तरं सांगत होत्या, टेगन टाइप करत होती, आणि स्पेलिंग चुकलं की दोघी मिळून ओरडत होत्या. काही दिवसांनी होकार आला. लताताईंनी शनिवारची शिफ्ट काढून टाकली आणि रचनाला फोन केला. या वेळी स्पीकरवर टेगनने आधी मराठीत नमस्कार केला, तेव्हा रचना "अगं बाई!" म्हणून किंचाळली. गेल्या आठ-नऊ वर्षांत आपण त्या पोरीसमोर काय काय बोललो, हे ती बहुधा आठवत असावी.

वाढदिवसाच्या दिवशी पिशवी रिकामी झाली. टेगनने माझा डुगडुगता पाय खिळा मारून पक्का केला आणि आपले जोड घेऊन नेहमीसारखी खालच्या कप्प्याशी बसली.

"थांब," लताताई म्हणाल्या.

आपल्याकडे मोठं माणूस सहसा वयात आलेल्या धाकट्याच्या बुटांना हात लावत नाही. लताताई दुखऱ्या गुडघ्यांवर वाकल्या, टेगनचे पिठाने पांढरे झालेले बूट त्यांनी दोन्ही हातांनी उचलले आणि मधल्या कप्प्यात ठेवले. भीमरावांच्या कप्प्यात. टोकं नीट भिंतीकडे केली.

"तिथे अंकल होते ना?" टेगनने विचारलं.

"मोठ्या माणसाची जागा आहे ती. आता तू मोठी झालीस." लताताई माझा आधार घेऊन उठल्या. "आणि खालचा लागेल आपल्याला. सोशल वर्करचा फोन आला होता. एक लहान मुलगी आहे."

फडकं आणून टेगनने खालचा कप्पा कोपऱ्यापर्यंत पुसला, मग जिन्यावर चढून वळून पाहिलं, तिथून तो दिसतो ना याची खात्री केली.

मित्रांनो, मी म्हातारा झालो आहे, माझ्या फळ्या कुरकुरतात. तुमच्याकडे माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या दारात कुणी बूट न काढता उभं राहिलं, तर लगेच नाक मुरडू नका. आणि जी माणसं दुसऱ्यांच्या लेकरांसाठी दार उघडतात, त्यांना कुणी काही देऊ केलं तर ते घेताना त्यांची मान खाली जाणार नाही, एवढं बघा.

आता मला जास्त बोलता येणार नाही. बाहेर सोशल वर्करची गाडी थांबली आहे. टेगन दार उघडायला निघाली आहे, आणि जाता जाता तिने मधल्या कप्प्यातले आपले बूट काढून पायांत घातले आहेत.